कान देऊन : रशचं ‘लेकसाइड पार्क’ आणि इतर चौकशी

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीत आहे, ड्रम शिकतो. घरात दिवसभर कॅनडातल्या रश बँडचं ‘टॉम सॉयर’ आणि ‘वाय वाय झेड’ चालू असतं. मला त्यातलं तंत्र कळत नाही, पण बँड मनापासून वाजवतो एवढं कळतं. सत्तरच्या दशकातलं, फारसं कुणी न ऐकलेलं आणि माझ्यासारख्याला झेपेल असं यांचं एखादं गाणं सांगाल का? मुलगा म्हणतो, ‘बाबा, जुन्या रेकॉर्डांत नुसते जादूगार नि राक्षस आहेत, तुम्हाला नाही आवडायचं.’
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘लेकसाइड पार्क’ ऐका. १९७५ सालच्या ‘केरेस ऑफ स्टील’ या रेकॉर्डवरचं तिसरं गाणं. चार मिनिटांत संपतं.

चिरंजीव अगदीच खोटं बोलत नाहीत. या गाण्याच्या पुढचंच गाणं साडेबारा मिनिटांचं आहे आणि त्यात खरोखरच एक जादूगार आहे, मनोरा आहे, कैदेत पडलेले प्रवासी आहेत. रेकॉर्ड उलटली की अख्खी दुसरी बाजू एकाच वीस मिनिटांच्या गाण्यानं अडवलेली. पहिलं गाणं फ्रेंच राज्यक्रांतीवर, त्यात बँडचा गायक आणि बास गिटार वाजवणारा गेडी ली असा किंचाळतो की शेजारचे दार वाजवतील. दुसरं गाणं आहे टक्कल पडण्यावर. होय, टक्कल. लिहिणारा तेव्हा बावीस वर्षांचा होता! त्यामुळे या सगळ्या गदारोळात मधलं ‘लेकसाइड पार्क’ कुणाच्या नजरेत भरत नाही. जादूगारवाले चाहते ते ओलांडून पुढे जातात आणि ‘टॉम सॉयर’वाले त्या रेकॉर्डपर्यंत पोचतच नाहीत.

आता मी हे का सांगतेय तेही सांगते. मी कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सला राहते, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठावर. मूळची इचलकरंजीची. नोकरीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली, आणि माझा रूट पोर्ट डलहौसी भागातून जायचा. गाण्यातली ती बाग तिथेच आहे, लेकपोर्ट रोडवरून खाली उतरलं की समोर वाळू आणि पाणी. गीतं लिहिणारा नील पिअर्ट, म्हणजे बँडचा ड्रमर, याच भागात वाढला. इथला सत्तरीपुढचा दर दुसरा माणूस ‘नील माझ्या वर्गात होता’ म्हणतो. सगळ्यांचं खरं धरलं तर त्या वर्गात दोनशे पोरं असणार.

आज तिथे गेलात तर बाग, किनारा आणि एक लाकडी मेरी-गो-राउंड एवढंच दिसेल. पण एके काळी ती सबंध जत्राच होती. आगगाडी आणि ट्राम चालवणारी एक कंपनी ती बाग चालवायची, आणि टोरांटोहून सरोवर ओलांडून आगबोटी भरभरून माणसं आणायच्या. पिअर्टचं बालपण येईपर्यंत आगबोटी बंद झाल्या होत्या, पण स्टॉल, झोके, दिवे होते. पोरवयात त्यानं तिथल्या खेळांच्या स्टॉलवर नोकरी केली आणि ती घालवलीही. त्याच सरोवरात तो एकदा बुडता बुडता वाचला. हे सगळं त्यानं १९९४ साली इथल्या स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं होतं, मोठ्या खुल्या मनानं. १९७० च्या सुमारास जत्रा उठली. म्हणजे गाणं लिहिलं तेव्हा ती जाऊन पाचेक वर्षंच झाली होती.

गाण्यात आहे काय? स्टॉलवाले ‘या, नशीब आजमावा’ म्हणून ओरडताहेत, मेरी-गो-राउंडचा बाजा तीच ती चाल धापा टाकत वाजवतोय, खिशात चिल्लर आहे आणि तेवढ्यात स्वर्ग मिळतोय. मग जरा मोठं झाल्यावर दीपस्तंभापाशी चोरून दारू, धक्क्यावर सिगारेट, वाहत आलेल्या लाकडांची शेकोटी. आणि २४ मे ला सगळा गाव वाळूत बसून दारूकाम बघतोय. २४ मे हा व्हिक्टोरिया राणीचा जन्मदिवस, इथे अजून सुट्टी असते. आता ती २५ मे च्या आधीच्या सोमवारी धरतात, पण म्हातारी माणसं ‘चोवीस मे’च म्हणतात.

यात एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दारू-सिगारेटचं सांगून झाल्यावर तो म्हणतो की, तेव्हाच आम्हाला दिसत होतं, दर वर्षी ती जादू थोडी थोडी विटत चालली होती. बघा, आठवणींची गाणी लिहिणारे बहुतेक लोक ‘तेव्हा किती छान होतं’ म्हणून मोकळे होतात. हा मुलगा म्हणतो, छान होतं, आणि ते संपत चाललंय हेही आम्ही त्याच वयात बघत होतो. चौदा-पंधराव्या वर्षीच ज्याला हे दिसतं तो माणूस पुढे काहीतरी लिहिणार, हे त्या ओळीवरूनच कळतं.

तुमच्या चिरंजीवांना माझा निरोप सांगा. पिअर्ट २९ जुलै १९७४ ला बँडमध्ये आला. त्याच्या आधी तो वडिलांच्या शेती-अवजारांच्या दुकानात सुटे भाग विकत होता. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गच्या मोठ्या स्टेडियममध्ये हजारो लोकांपुढे पहिला कार्यक्रम. बाकीच्या दोघांना, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांना, गीतं लिहायचा कंटाळा. हा सतत पुस्तक वाचणारा, म्हणून ते काम याच्या गळ्यात पडलं. वाचलेलं अंगात भिनलेलं होतं, म्हणून राक्षस, जादूगार, राजपुत्र सगळे आले. ‘लेकसाइड पार्क’ मात्र पुस्तकातून आलेलं नाही. त्या रेकॉर्डवर पत्ता असलेलं हे एकच गाणं आहे, पत्र टाकलं तर पोचेल असं. आणि माझं म्हणणं असं, की पुढचा मोठा पिअर्ट जादूगारांच्या गाण्यांतून नाही, या चार मिनिटांतून निघाला. १९८२ च्या ‘सिग्नल्स’वर ‘सबडिव्हिजन्स’ आहे, शहराबाहेरच्या एकसारख्या घरांच्या वस्तीत गुदमरणाऱ्या पोरांवर. रशच्या उत्तम गाण्यांत सगळे ते गाणं धरतात. त्याचं मूळ इथे आहे. आपण जिथे वाढलो ती जागा जशी आहे तशी मांडायची, आणि तिच्यावर माया असूनही तिला सूट द्यायची नाही, हे त्याला पहिल्यांदा इथे साधलं.

वाजवण्याबद्दल दोन शब्द, कारण मुलगा ड्रमर आहे. सुरुवातीला लाइफसनच्या गिटारचे सुटे सुटे स्वर आहेत, पाण्यावर ऊन हलावं तसे. गेडी ली इथे खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो; ज्यांना त्याचा उंच आवाज सोसत नाही त्यांनीही हे ऐकावं. त्याचा बास कडव्यांत गाण्याच्या चालीला बिलगून एक वेगळी चाल गात राहतो. मुलाला सांगा, एकदा फक्त बासकडे कान दे. आणि ड्रम? पिअर्ट आवरून वाजवतो. ज्या माणसाला पुढे जगभर ‘प्रोफेसर’ म्हणू लागले, तो इथे गाण्याला वाट करून देतो, मधेच एखादी भरीची जागा घेतो आणि परत मागे सरतो. ‘वाय वाय झेड’ वाजवता येणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. हे असं वाजवायला सांगा, घाम फुटतो. शेवटी गिटार मोकळी सुटते आणि गाणं हळूहळू विरत जातं. तिथे घाईनं पुढचं लावू देऊ नका.

एक गोष्ट लपवायला नको. खुद्द गेडी लीनं नंतर मुलाखतीत या गाण्यावर सपशेल नाक मुरडलं आहे, ऐकलं की अंगावर काटा येतो म्हणाला, चांगला काटा नव्हे. पण गायकाला स्वतःचं कित्येक वर्षांपूर्वीचं काय आवडतं यावर आपण कशाला जायचं? तेवीस-चोवीसच्या वयातले आपले फोटो आपल्याला तरी कुठे बघवतात. शिवाय २०१५ साली, पिअर्टच्या शेवटच्या दौऱ्यात, त्यांनी गाणी उलट्या क्रमानं वाजवली, नव्याकडून जुन्याकडे. मंचावरचं सामान मधे मधे कामगार येऊन काढत न्यायचे, आणि शेवटी शाळेच्या हॉलचा पडदा आणि खुर्च्यांवर ठेवलेले लहान स्पीकर एवढंच उरायचं. त्या शेवटच्या टप्प्यात, कित्येक वर्षं न वाजवलेलं ‘लेकसाइड पार्क’ त्यांनी पुन्हा घेतलं. त्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसजवळ झाला. पिअर्ट ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगानं गेला. आता त्या बागेतल्या मंडपाला गावानं त्याचं नाव दिलंय.

प्रश्न : मावशी, तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की सत्तरच्या दशकात कॅनडातून एकदम पुष्कळ बँड आले. एवढ्या कमी लोकसंख्येच्या देशातून कसे काय? सरकारनं काही केलं होतं का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : केलं होतं, आणि आपल्याकडे करायला हवं असं मला नेहमी वाटतं. जानेवारी १९७१ पासून कॅनडाच्या प्रसारण नियामकानं एएम रेडिओला सक्ती केली की वाजवलेल्या गाण्यांतली ३० टक्के कॅनडाची हवीत. कॅनडाचं म्हणजे काय, तर संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारांतलं बहुधा दोन इथलं पाहिजे. त्याआधी इथली रेडिओ स्टेशनं अमेरिकेत काय गाजतंय ते बघून तेच लावायची. आपला माणूस आधी तिकडे नाव काढून आला, की मग इकडे कौतुक. ओळखीचं वाटतंय ना?

म्हणून द गेस हू या विनिपेगच्या बँडचं विशेष. त्यांचं ‘अमेरिकन वुमन’ १९७० मध्ये, म्हणजे नियमाच्या आधीच, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यांचा गिटारवाला रँडी बाकमन त्याच वर्षी बाहेर पडला आणि पुढे बाकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह काढून १९७४ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोचला.

नियमाची गंमतही ऐक. ब्रायन अ‍ॅडम्स हा ऑन्टॅरिओत जन्मलेला कॅनडाचा गायक, पण १९९१ सालच्या त्याच्या रेकॉर्डवरची गाणी त्यानं परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली आणि बहुतेक परदेशातच मुद्रित केली, म्हणून कागदोपत्री ती ‘कॅनडाची’ धरली गेली नाहीत. मोठा गोंधळ झाला आणि नंतर नियम थोडा सैल केला.

आणि आता रशकडे ये. त्यांना या नियमाचा आयत्या वेळी काही उपयोग झाला नाही. पहिली रेकॉर्ड त्यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या पैशानं काढली, कारण कुणी घेत नव्हतं. ती वाजली कुठे? अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या रेडिओवर. तिथल्या डॉना हाल्पर या बाईंनी ‘वर्किंग मॅन’ लावलं. क्लीव्हलंड कारखान्यांचं शहर. नऊ ते पाच राबणाऱ्या माणसाचं गाणं ऐकून फोन वाजायला लागले. त्यावरून अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीशी करार झाला. डॉनाबाईंचं नाव पहिल्या दोन्ही रेकॉर्डांवर आभारात आहे. म्हणजे सरकारी कोटा बाजूला राहिला आणि एका बाईच्या कानानं काम केलं. तुला पुढे रेडिओत जायचं असेल तर लक्षात ठेव.

प्रश्न : जुन्या बाजारात ‘केरेस ऑफ स्टील’ची एलपी मिळाली. कव्हर तांबूस झालंय. नाव ‘स्टील’चं आणि रंग तांब्याचा! ऊन लागून उडालाय का? विक्रेत्यानं जास्त पैसे घेतले असं वाटतं.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अहो, उन्हाचा काही दोष नाही. सगळ्यांचंच तसं आहे. ह्यू साइम या चित्रकारानं रशसाठी केलेलं ते पहिलं कव्हर. त्यानं रुपेरी, पोलादी रंगात काढलं होतं. छपाईत चूक झाली आणि तांबूस छापून आलं. तेच बाजारात गेलं. साइमनं तरीही पुढे चार दशकं या बँडची कव्हरं केली. त्यामुळे तांबूस म्हणजे बरोबर. कुणी चंदेरी कव्हर दाखवून ‘हे दुर्मिळ, हे घ्या’ म्हणालं तर मात्र पाकीट खिशातच ठेवा.

किंमत किती दिलीत ते लिहिलं नाहीत. पण एक सांगते, ही रेकॉर्ड आली तेव्हा फारशी विकली गेली नव्हती. तिच्या दौऱ्याला बँडनं स्वतःच ‘गटारात चाललो’ अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलं होतं. लहान गावांतले छोटे हॉल, अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. कंपनीनं बजावलं, पुढची रेकॉर्ड लहान गाण्यांची, रेडिओला चालेल अशी करा. यांनी काय केलं, तर १९७६ मध्ये ‘२११२’ काढली, तिची सबंध पहिली बाजू एकाच गाण्याची. आणि तीच चालली! त्या वर्षी जूनमध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमांची रेकॉर्ड आली, तिच्यात ‘लेकसाइड पार्क’ही आहे. जरा घाईत वाजवलंय, पण लोकांचा आवाज ऐका. टोरांटोच्या प्रेक्षकांना ती बाग माहीत होती.

प्रश्न : आम्ही दोघं जूनमध्ये लेकीकडे मिसिसॉगाला येत आहोत. नायगारा धबधबा ठरलेलाच आहे. तुम्ही एकदा पोर्ट डलहौसीचा उल्लेख केला होता. वाटेत थांबण्यासारखं आहे का? आणि हा डलहौसी आपल्याकडचाच का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साताऱ्याच्या माणसानं हा प्रश्न विचारावा हे अगदी बरोबर आहे. आपल्याकडचा नव्हे, त्याचा बाप. बाप जॉर्ज रॅम्झी, डलहौसीचा नववा अर्ल, १८२० ते १८२८ ब्रिटिश उत्तर अमेरिकेचा गव्हर्नर जनरल होता. हॅलिफॅक्सचं डलहौसी विद्यापीठ त्यानंच काढलेलं. पहिला वेलंड कालवा १८२९ मध्ये सुरू झाला, त्याचं सरोवराकडचं तोंड इथे होतं, आणि या बंदराला त्याचं नाव पडलं. त्याचा मुलगा जेम्स आपल्याकडे १८४८ मध्ये आला आणि त्याच वर्षी दत्तक नामंजूर करून तुमचं सातारा खालसा केलं. नागपूर नंतर, १८५४ मध्ये. इथल्या लोकांना हे काही ठाऊक नसतं. माझ्या बसमध्ये एकदा मी पोरांना सांगितलं, तर एकानं विचारलं, ‘मग तुमच्या राजानं बागेचं नाव बदलायला का नाही लावलं?’

जरूर थांबा. मिसिसॉगाहून क्यूईडब्ल्यू हमरस्त्यानं निघालात की तासाभरात सेंट कॅथरिन्स येतं, धबधबा तिथून आणखी वीस-पंचवीस मिनिटं. धबधब्यावर सगळे जातात आणि सगळे तेच फोटो काढतात. इथे अर्धा दिवस द्या. दोन दीपस्तंभ आहेत, धक्क्यावरून चालत जाता येतं. वारं असेल तर टोपी सांभाळा.

आणि मेरी-गो-राउंडवर बसाच, गुडघे दुखत असले तरी. शंभर वर्षांहून जुनं आहे, चार्ल्स लूफ नावाच्या कारागिराच्या कारखान्यातलं, इथे १९२१ मध्ये आणलेलं. घोडे आहेत, सिंह, उंट, बोकडही आहेत. जवळून बघा, लाकडात कोरलेल्या आयाळीच्या एकेका बटेवर रंगाचे थरावर थर चढलेले दिसतात आणि पितळी दांडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालाय. तिकीट पाच सेंट. तेव्हाही पाच सेंट, आताही पाच सेंट. गाव ते वाढवू देत नाही. फेरी सुरू झाली की बाजा लागतो, आणि नाशिककरांना वर जी धाप लागलेली चाल सांगितली ती कशी असते ते तुम्हाला कानांनी कळेल. व्हिक्टोरिया डेच्या सुमारास ते सुरू होतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, बंद होतं, म्हणजे जूनला तुम्ही बरोबर सापडता. शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि जेवणाचा डबा बरोबर घ्या.

पाच सेंटची नाणी आधीच बघून ठेवा. लेकीकडे नसणार, त्या पिढीकडे कार्डाशिवाय काही नसतं.